सुवाच्य, पण कोणासाठी?

मिलॉश फॉर्मनच्या ‘अमेडिअस’ (१९८४) या चित्रपटातला एक प्रसंग पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध नसलेल्यांच्याही लक्षात राहतो. मोझार्टची बायको नवऱ्याच्या नकळत त्याच्या रचनांचे बाड घेऊन दरबारी संगीतकार सालिएरीकडे येते. या मूळ प्रती आहेत, तो दुसरी प्रत ठेवत नाही, असे ती सांगते. सालिएरी एक पान उलटतो, आणखी एक उलटतो, आणि त्याचा चेहरा उतरत जातो. कारण कुठेच खाडाखोड नाही. जणू देव सांगत गेला आणि या पोराने लिहून घेतले. याच्या शेजारी दुसरे एक चित्र आपल्या मनात असतेच, ते म्हणजे बेथोव्हेनचे पान. शाईचे डाग, आडव्यातिडव्या फुल्या, एकेका जागी इतके खरवडलेले की कागद फाटावा. या दोन चित्रांवरून एक निकाल कधीचाच देऊन टाकला गेला आहे : स्वच्छ पान म्हणजे दैवी देणगी, बरबटलेले पान म्हणजे झुंज. निकाल ऐकायला इतका गोड आहे की पुरावा तपासावा असे कोणाला वाटत नाही. पुरावा मात्र वेगळेच बोलतो. रचनाकाराच्या डोक्यात काय चालले होते, हे हस्तलिखिताच्या स्वच्छतेवरून क्वचितच कळते. ते पान कोणाच्या हाती जायचे होते, हे मात्र बहुतेक वेळा कळते.

मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये. आपल्याकडे शतकानुशतके दोन वळणे शेजारी शेजारी नांदली. हिशेब, पत्रे, दफ्तरातले कागद मोडीत, बोरू शक्यतो न उचलता, भरभर. आणि पोथी बाळबोधीत, अक्षर अक्षर सुटे, गोलसर. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींची सरळ रेघ, भोवतीची मोकळी जागा, शाई, लेखण्या, चाकू, सगळे समर्थ तिथे सांगतात. शिवाय ग्रंथाचे पहिले अक्षर जसे, तसेच शेवटचे दिसावे असा आग्रह धरतात. हा आग्रह ग्रंथापुरता आहे, वाणसामानाच्या यादीसाठी नाही. मोडी कागद पाहून हा कारकून मनाने गोंधळलेला होता, असे कोणी म्हणत नाही. संगीतकारांच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हटले जाते.

सुरुवात योहान सेबास्टिअन बाखपासून करावी, कारण दोन्ही वळणे एकाच माणसाची आणि दोन्ही आज पाहता येतात. एकट्या व्हायोलिनसाठी रचलेल्या सहा कृतींची त्याने १७२० साली स्वतःच्या हाताने केलेली प्रत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. जगातल्या सर्वांत देखण्या संगीत-हस्तलिखितांत तिचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. छापील स्वरलिपीत लहान स्वरांच्या दांड्या जोडणारी जाड रेघ रुळाने आखल्यासारखी सरळ असते. बाखच्या पानावर ती लाटेसारखी हलते. सुरावट वर चढली की रेघ चढते, खाली वळली की पोट काढून वळते. वाजवणाऱ्याच्या डोळ्याला गजाची चाल तिथेच दिसावी, इतके ते अक्षर बोलके आहे. चुका जवळपास नाहीत. नसणारच, कारण ही शुद्धप्रत आहे. रचण्याचे काम आधीच कुठेतरी उरकलेले होते आणि तो खर्डा आपल्यापर्यंत आलेला नाही. आपण पाहतो आहोत ते लग्नातले ताट. स्वयंपाकघर पाहिलेलेच नाही.

ते स्वयंपाकघर पाहायचे तर १७२३ नंतरच्या लाइप्झिगमध्ये जावे लागते. तिथल्या पहिल्या काही वर्षांत बाख जवळजवळ दर रविवारच्या उपासनेसाठी एक नवा कंटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदाची वीस-पंचवीस मिनिटांची रचना, तयार करत होता. या रचनांच्या मूळ संहिता धावत्या हातातल्या आहेत. बाख आधी पाच टोकांच्या लेखणीने एका झटक्यात पाच रेघा ओढी. त्या रेघांवर स्वरांची डोकी तिरकी पडलेली दिसतात. एखादा स्वर बदलताना जुन्यावरच नवा जाड करून बसवलेला असतो, आणि त्या काळ्या ठिपक्यावरून नेमका स्वर कळेनासा झाला की शेजारी त्या स्वराचे अक्षर लिहिलेले. सर्वांत बोलकी खूण पानाच्या तळाशी सापडते. उजवे पान भरले, पण शाई ओली, त्यामुळे उलटता येत नाही. आणि पुढची सुरावट तर डोक्यात आली आहे. मग बाख खालच्या मोकळ्या रेघांवर पुढच्या दोनचार मापांची टिपणे घाईने उतरवून ठेवतो. रॉबर्ट मार्शल या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ साली या सगळ्या दुरुस्त्या आणि टिपणांचा दोन खंडांत हिशेब मांडला, तेव्हा बाखचे रचणे प्रथमच इतक्या जवळून दिसले. चर्चमध्ये ही संहिता वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या पुढे नसे. वादक आणि गायक वाजवत-गात ते सुट्या प्रतींवरून, आणि त्या टोमास शाळेतली मुले, घरची माणसे उतरवून काढीत. योहान आंद्रेआस कुनाऊ हा विद्यार्थी त्या सुरुवातीच्या काळातला मुख्य नक्कलकार. सुट्या प्रती सुवाच्य, कारण रविवारी सकाळी त्या पहिल्या नजरेत वाचता आल्या पाहिजेत. संहिता चालेल तशी, कारण ती बाखला आणि त्याच्या हाताची सवय असलेल्या चार जणांना कळली की झाले.

अशीच एक मजेदार वही त्याच्या तरुणपणातली आहे. ऑर्गनवर वाजवायच्या १६४ धर्मगीतांची नावे त्याने पानांवर आधीच लिहून ठेवली, रेघा आखल्या आणि प्रत्येकाला जागा वाटून दिली. प्रत्यक्षात लिहून झाली ४६. पण जी झाली, त्यातली काही नेमून दिलेल्या जागेत मावली नाहीत. मग शेवटची मापे त्याने स्वरलिपी सोडून जुन्या जर्मन पद्धतीच्या अक्षरलिपीत, कोपऱ्यात दाबून बसवली. आखणी करताना माणूस टापटिपीचा, आणि जागा संपल्यावर व्यवहारी. यातला खरा बाख कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे.

इथे मोझार्टचे नाव घेऊन कोणीही अडवेल, आणि आक्षेप रास्त आहे. बाखची सुंदर प्रत ही नक्कल होती हे मान्य. मोझार्टच्या तर रचतानाच्याच संहिता स्वच्छ आहेत, त्याचे काय? आधी या दंतकथेचे मूळ पाहू. मोझार्टच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, १८१५ साली, लाइप्झिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात फ्रीडरिख रॉखलिट्झने मोझार्टचे म्हणून एक पत्र छापले. संपूर्ण रचना एका क्षणात मनात दिसते, मग फक्त उतरवायचे उरते, असा त्याचा आशय. हे पत्र बनावट आहे. तरी प्रतिभेवरच्या पुस्तकांत ते शंभरेक वर्षे फिरत राहिले, आणि चित्रपटातला सालिएरी शेवटी त्याच पत्रावर रडतो. मोझार्टचे सुमारे ३२० खर्डे आणि टिपणे आज उपलब्ध आहेत. किती गेली असतील याचा अंदाजच करावा. हायडनला अर्पण केलेल्या सहा चौकड्यांच्या, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठीच्या रचनांच्या, हस्तलिखितात भरपूर दुरुस्त्या आहेत. १७८५च्या अर्पणपत्रिकेत तर खुद्द मोझार्टनेच या रचनांना दीर्घ आणि कष्टाच्या श्रमाचे फळ म्हटले आहे. नम्रतेची रीत म्हणून ते सोडून देता आले असते. पण पाने तेच सांगतात.

बाकीची पाने स्वच्छ दिसतात ती का, हे शाई आणि कागद सांगतात. मोझार्ट आधी मुख्य सुरावट आणि खालचा खर्ज एवढेच पानभर लिहून पुढे जाई. मधली वाद्ये नंतर, कधी दुसऱ्या बैठकीत, भरली जात. तेव्हा शाईची छटा बदललेली असते आणि ती नीट पाहणाऱ्याला दिसते. अॅलन टायसन या ब्रिटिश अभ्यासकाने कागदातले जलचिन्ह आणि रेघा आखण्याच्या खुणा मोजून दाखवले की कित्येक रचना अर्ध्यावर पडून होत्या. ए मेजरमधला पियानो काँचेर्तो, मोझार्टच्या रचनांच्या कोखेल यादीतला क्रमांक ४८८, मोझार्टने स्वतःच्या यादीत २ मार्च १७८६ रोजी नोंदवला. पण त्याची सुरुवातीची पाने आधीच्या एकदोन वर्षांत तो वापरत होता त्या कागदावर आहेत. म्हणजे जे एकटाकी वाटते, त्याच्या मध्ये काही महिने किंवा अधिक काळ आहे. मधे थांबण्याची खाडाखोड होत नाही, एवढेच.

तरी मोझार्टची ताकद नाकारण्याचे कारण नाही. एप्रिल १७८२मध्ये बहिणीला पाठवलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की सोबतचा फ्यूग, म्हणजे एकच सुरावट निरनिराळ्या आवाजांत एकामागून एक येत जाणारी रचना, आधी मनात तयार झाला आणि तो कागदावर उतरवत असतानाच त्याच्या आधी वाजवायचा प्रेल्यूड सुचत गेला. ही अचाट गोष्ट आहे. पण तिचा अर्थ लावताना घाई होते. फ्यूग उतरवताना मोझार्ट रचत नव्हता, तो नक्कल करत होता. मूळ प्रत कागदाऐवजी डोक्यात होती, इतकाच बाखशी फरक. स्वच्छ पान हे दोघांच्याही बाबतीत नक्कलच आहे. आणि मोझार्टला ज्या वेळी नक्कल करायची नसे, तेव्हा त्याचेही पान बिघडते. सी मायनर काँचेर्तोचे, क्रमांक ४९१चे, हस्तलिखित लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आहे. पियानोच्या ओळीत दुरुस्त्यांवर दुरुस्त्या, कुठे पूर्ण धाव न लिहिता नुसती टोके. क्रमांक ५३७च्या काँचेर्तोत उलटा प्रकार : पान साफ, पण पियानोच्या डाव्या हाताची ओळ बऱ्याच ठिकाणी कोरी. मोझार्टच्या मृत्यूनंतर १७९४मध्ये ही रचना छापून आली, तेव्हा रिकाम्या जागा दुसऱ्याने भरलेल्या होत्या. कारण सरळ आहे. वाजवणारा तो स्वतः होता, आणि डाव्या हाताने काय करायचे हे स्वतःला लिहून कळवावे लागत नाही.

बेथोव्हेनकडे या कसोटीने पाहिले की त्याची झुंज नाहीशी होत नाही, पण तिचा पत्ता बदलतो. त्याच्या टिपणवह्यांची आणि सुट्या खर्ड्यांची मिळून ८,००० च्या आसपास पाने शिल्लक आहेत. गुस्टाफ नोटेबोम या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात ती वाचायला घेतली, तेव्हापासून हा माणूस एकेक सुरावट किती वेळा मोडून जोडत असे ते जगाला कळले. ही पाने दुसऱ्या कोणी वाचावीत अशी अपेक्षाच नव्हती. ती पाहून त्याला गबाळा म्हणणे हे गवयाचा रियाज दाराआडून ऐकून त्याची मैफल नापास करण्यासारखे आहे. संहितांचे वेगळे. त्या वाचायला एक माणूस होता : वेन्त्सेल श्लेमर, व्हिएन्नातला नक्कलकार, ज्याला बेथोव्हेनचे अक्षर लागत असे. श्लेमर आणि त्याच्या हाताखालची माणसे त्या जंजाळातून सुवाच्य प्रती काढून देत, बेथोव्हेन त्या तपासून दुरुस्त करी, आणि मग त्या छापखान्यात जात. श्लेमर १८२३ साली वारला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात नववी सिंफनी व्हिएन्नात प्रथम वाजली, आणि तिच्या प्रतींचा भार त्याच्याइतका सराव नसलेल्या हातांवर पडला. १८२५मध्ये वोलानेक नावाच्या नक्कलकाराने मानी भाषेत काम सोडत असल्याचे पत्र पाठवले, त्या पत्रावरच बेथोव्हेनने पानभर शिव्या खरडल्या. त्याआधी १८११मध्ये लाइप्झिगच्या ब्राइटकोप्फ उंट हेर्टेल या प्रकाशकालाही त्याने छापील चुकांवरून, तुम्ही स्वतःच एक भली मोठी चूक आहात, अशा आशयाचे पत्र लिहिले होते. ज्याच्या अक्षरामुळे निम्म्या चुका होत असाव्यात त्यानेच हे लिहावे, यात गंमत आहे. पण छापील पान बिनचूक असावे याची त्याला किती तळमळ होती, हेही त्यातूनच दिसते.

माझ्या मताला खरी अडचण बेथोव्हेनच्याच एका हस्तलिखिताची आहे. चेलो आणि पियानोसाठीच्या कृतिक्रमांक ६९च्या सोनाटाचा फक्त पहिला भाग त्याच्या अक्षरात उरला आहे. लुइस लॉकवुड या अभ्यासकाने १९७०मध्ये त्याचा कसून तपास केला. पाने शुद्धप्रतीच्या शिस्तीने सुरू होतात. रेघांवर जागा नीट वाटलेली. पण मधल्या विस्तारात बेथोव्हेनचे मन बदलले. चेलोला दिलेले पियानोकडे, पियानोचे चेलोकडे, अशी मोठी अदलाबदल त्याच पानांवर झाली आणि प्रत पाहता पाहता पुन्हा खर्डा झाली. म्हणजे पान कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर लिहिता लिहिता बदलू शकते. हे मी मान्य करतो. मात्र त्याने प्रश्न निकामी होत नाही. उलट ती शाई पाहताना, कोणत्या क्षणी त्याने नक्कलकाराकडे पाठ फिरवून पुन्हा स्वतःशी बोलायला सुरुवात केली, तो क्षण बोट ठेवून दाखवता येतो.

हँडलसाठी फार थांबायला नको. त्याने ‘मसाया’ १७४१च्या २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या चोवीस दिवसांत लिहून काढले. २५९ पानांच्या मूळ प्रतीत डाग आहेत, खोडलेली मापे आहेत, आणि योहान क्रिस्टोफ श्मिट, म्हणजे लंडनमध्ये जॉन ख्रिस्तोफर स्मिथ झालेला त्याचा नक्कलकार, त्यावरून वापरायची स्वच्छ प्रत करणार आहे हे त्याला ठाऊक होते. शोपँचे खोडणे मात्र पाहण्यासारखे. बाख किंवा बेथोव्हेन खोडतात ते स्वतःला कळावे म्हणून, एखाद्या फुलीने. खालचे वाचता येते. शोपँ नको असलेले माप इतक्या दाट, बारीक, उभ्याआडव्या रेघांनी भरून टाकतो की खाली काय होते ते दिसूच नये. छापणाऱ्याची नजर चुकूनही आधीच्या स्वरांवर जाऊ नये, ही त्यामागची दक्षता असावी. खोडण्यालासुद्धा वाचक असतो.

स्वभावाचे काहीच नसते का? असते, आणि ते स्ट्राविन्स्कीत लख्ख दिसते. कोऱ्या कागदावर हवी तिथे, हवी तेवढी पाचरेघी ओढता यावी म्हणून त्याने चाकाचे एक छोटे हत्यार करून घेतले होते. त्याच्या मेजावर रंगीत शायांच्या बाटल्या, पट्ट्या, खोडरबर, चाकू इतक्या शिस्तीत मांडलेले असत की त्याचा मित्र, लेखक शार्ल-फेर्दिनां रामूझ याला ते शल्यविशारदाच्या हत्यारांसारखे वाटले. ‘वसंताचा विधी’ या बॅलेच्या त्याच्या कच्च्या टिपणांची प्रतिकृती १९६९मध्ये छापली गेली. इतरांची शुद्धप्रत ठरावी अशी ती टिपणे आहेत. तिथे वाचक कोणीच नव्हता, तरी हात नीटच चालला. स्वभावाचा वाटा एवढा द्यायलाच हवा. पण टापटीप हा मेजाचा गुण आहे, स्वरांचा नाही. त्या स्वच्छ टिपणांतून आलेले संगीत १९१३मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांना दंगा करण्याइतके अस्ताव्यस्त वाटले होते.

स्वच्छ म्हणजे बिनचूक, हाही समज तपासायला हवा. एकट्या चेलोसाठी बाखने रचलेल्या सहा ‘स्वीट’ रचनांची त्याच्या हातची प्रत आज नाही. आहे ती त्याची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिने केलेली, आणि तिचे अक्षर नवऱ्याच्या अक्षरासारखे इतके झाले होते की पुढच्यांना दोन्ही हात वेगळे ओळखणे कठीण गेले. पान सुरेख, स्वर बहुतेक बरोबर. पण कोणकोणते स्वर एका गजात घ्यायचे ते सांगणाऱ्या कमानी अधांतरी काढलेल्या. इथून सुरू होते की पुढच्या स्वरापासून, तिसऱ्यावर संपते की चौथ्यावर, हे ठरत नाही. तोच प्रसंग दुसऱ्यांदा आला की कमान वेगळीच. त्यामुळे प्रत्येक संपादक आणि प्रत्येक चेलोवादक आपापल्या कमानी लावतो. शूबर्टच्या बाबतीत हे आणखी बारीक होते. स्वरावर आघात दाखवायची खूण आणि आवाज हळूहळू कमी करायची खूण यांचा आकार एकच, उजवीकडे मिटत जाणारी चोच. फरक फक्त लांबीचा. शूबर्टचा हात वाहता, त्याची आघाताची चोच लांबत जाते. त्याच्या सी मेजरमधल्या मोठ्या सिंफनीच्या अगदी शेवटच्या स्वरावर अशी एक चोच आहे. ती आघात मानली तर शेवट घाव घातल्यासारखा, आणि ओसरण मानली तर सगळा वाद्यवृंद विरत जातो. तासाभराच्या रचनेचा शेवट एका रेघेच्या लांबीवर टांगलेला आहे, आणि दोन्ही प्रकारे वाजवणारे संचालक आहेत.

वाचणारा समोर उभा असेल तर असली चैन परवडत नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्व्हिस यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या संगीतसंयोजकांनी दशकानुदशके वादकांसाठी स्वरलिपी लिहिण्याचे काम केले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवली जाई, ती विद्या इथे कामी आली. गाणे ध्वनिमुद्रित व्हायचे त्याच दिवशी वादकापुढे त्याच्या वाद्याचा कागद येणार, एकदोन तालमी, आणि लगेच टेक. तिथे अक्षर नीट असणे ही रसिकता नव्हती, मजुरी होती. त्या कागदांना कोणी हस्तलिखित म्हटले नाही. काम झाले की कागदाचे काम संपले.

हे सगळे मांडून झाल्यावर एक हस्तलिखित उरते, आणि ते माझ्या कसोटीत नीट बसत नाही. बाखने १७३६च्या सुमारास ‘संत मॅथ्यूनुसार यातनागाथा’ या आपल्या विशाल कृतीची स्वतःच शुद्धप्रत केली. दोन वाद्यवृंद, दोन गायकवृंद, भरगच्च पाने. आणि बायबलमधला प्रत्येक शब्द तांबड्या शाईने. गायकांपुढे ठेवायच्या सुट्या प्रती वेगळ्या होत्या, छापण्याचा विचार नव्हता, उपासनेला बसलेल्या माणसांना ही शाई दिसणारच नव्हती. ही कृती त्याच्या हयातीत लाइप्झिगबाहेर गेली नाही; १८२९मध्ये मेंडेल्सझोनने बर्लिनला ती वाजवली तेव्हा बाखला जाऊन एकोणऐंशी वर्षे होत होती. त्याच्या उतारवयात या प्रतीच्या काही पानांच्या कडा खराब झाल्या. तेव्हा त्याने नव्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्या कडांना चिकटवल्या, पाचरेघी जुन्या रेघांना जुळवून पुढे नेली आणि गेलेले स्वर पुन्हा लिहिले. त्या पट्ट्यांवरचे अक्षर थोडे जड आणि थरथरते आहे. शेजारच्या १७३६च्या अक्षराशी जोड कुठे आहे, ते लगेच दिसते.